अकराव्या टाक्याचं नाव

(पहिल्या पानाच्या समासात, वेगळ्या शाईने: या वहीतला तो शब्द मी नंतर खोडला आहे. जिथे रेघ दिसेल तिथे तो होता.)

३ मार्च, मंगळवार

सुईत दोरा ओवायच्या आज सात खेपा फुकट गेल्या. आठव्या खेपेला दुकानात माझ्यासोबत शिवणाऱ्या बाईंनी सुई माझ्या हातातून घेतली, ओवली आणि मला परत न देता स्वतःच शिवायला बसल्या. डॉक्टर म्हणतात हा कंप वाढतच जाणार. गोळ्यांनी फक्त तोंड कडू होतं.

पण पुस्तक झालं पाहिजे. सहा वर्षं घालवली मी त्यात. हाताने पुस्तकं शिवायचे अठरा टाके, प्रत्येकाची आकृती माझ्या हातची, हात धड होते तेव्हाची. पानं छापून, घड्या घालून तयार आहेत. आता फक्त शिवण. तंत्रशाळेच्या प्राचार्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय, एकतीस तारखेपर्यंत दोनशे प्रती आल्या तर बांधणीचा वर्ग पुढच्या वर्षी राहील, नाहीतर ती खोली संगणकांना. वर्ग गेला की हे काम संपलं. ते नीट येणारे आम्ही दोघंच उरलोय, मी आणि बाई, आणि त्यातले माझे हात हे असे.

प्रत्येक प्रत अकराव्या टाक्याने शिवायची हा माझा हट्ट. —— टाका. पाठीवर कापड नाही, पुठ्ठा नाही, दोरा वेणीसारखा उघडा दिसतो आणि पुस्तक टेबलावर सपाट पडून राहतं. मला हे काम शिकवणाऱ्या वस्तादांचा फार लाडका. सुया-दोरे विकत दारोदार फिरणाऱ्या लोकांतली कुणी बाई त्यांच्या कारखान्यात आली होती, तिचं बघून त्यांनी तो बसवला म्हणे. म्हणून नाव ——. वस्तादांची काळ्या मुठीची आरी अजून खिडकीत आहे. बाई घड्यांना भोकं पाडायला तीच घेतात, दुसरी त्यांना चालत नाही.

आणि नेमकं आताच गटावर नवीन खूळ. नऊ वर्षांपूर्वी लेकीने आणि मी पुस्तकं शिवणाऱ्यांचा हा ऑनलाइन गट काढला, चार हजार सभासद आहेत, सगळे मला सर म्हणतात. काल दुपारी ‘कोरं पान’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलंय की अकराव्या टाक्याचं नाव बदला. सुरुवातच ‘मास्तर’ अशी, जशी काही माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय. ओझरतं ‘नाव बदला’ एवढं दिसलं, बाकी मी वाचलंसुद्धा नाही. उत्तर दिलं, “हे नाव साठ वर्षांचं आहे. तुम्ही टाके शिकायला आलात की नावं ठेवायला?” लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. जरा बरं वाटलं.

बाईंनी आज सहा प्रती शिवल्या. एकूण चाळीस.

५ मार्च, गुरुवार

दोनशे बारा प्रतिक्रिया. मी एरवी दोरा मेणात कसा बुडवावा यावर लिहितो तेव्हा अकरा येतात.

एकाने लिहिलंय, उद्या सुई टोचते म्हणून सुईवरही बंदी घाला. हा माझ्या बाजूचा. दुसरीने विचारलंय, सर, तुम्हाला कुणी कधी रस्त्यात त्या शब्दाने हाक मारली आहे का? काय संबंध? मी त्या लोकांतला नाहीच, मला कोण मारेल? तिसरा कुणी प्राध्यापक, त्याने शब्दाची दोनशे वर्षांची कुंडली मांडली. शेवटी म्हणतो, हा शब्द मुळात शिवी म्हणूनच जन्माला आला. असेल. पण टाक्याला त्याचं काय? टाक्याला कुठे कान असतात?

तो कोरं पान पुन्हा आला होता. लिहितो, “मास्तर माझ्या नातीला शाळेत त्याच नावाने चिडवतात ती परवा घरी येऊन जेवली नाही” ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. म्हणे नात! कॉलेजातलं रिकामटेकडं पोर असणार. कामधंदा असता तर लिहीत बसला असता का? तसा तो दिवसभर नसतो म्हणा. लिहितो ते दुपारी एक ते दीडमध्ये, नाहीतर संध्याकाळी सातनंतर.

स्वतः शिवलेल्या एका वहीचा फोटोही टाकलाय त्याने, आपल्यालाही काम येतं हे दाखवायला. गाठ मात्र सुरेख. दोऱ्याचं टोक आत दडवलेलं, अगदी बाई दडवतात तसं. मीच दोन वर्षांपूर्वी बाईंच्या हातांचा व्हिडिओ टाकला होता, तो बघून शिकला असेल.

बाईंना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, करमणूक होईल. त्यांनी रेडिओ मोठा केला.

६ मार्च, शुक्रवार

आज मला एकदम सुचलं. अरे, आपल्या बाई तर त्याच लोकांतल्या! एकतीस वर्षं समोर बसतात, पण हे कधी डोक्यातच आलं नाही. त्यांची आई त्यांना घेऊन आली होती वस्तादांकडे, तेव्हा बाई बावीस वर्षांच्या होत्या.

सरळ विचारलं. “बाई, तुमच्यातलाच शब्द आहे ना हा? तुम्हाला राग येतो का हो?”

त्यांनी दोरा पूर्ण ओढून घेतला, फास आवळला. मग म्हणाल्या, “आता काय सांगायचं, मास्तर.”

“म्हणजे नाही ना?”

“प्रती किती राहिल्या?” एवढंच म्हणाल्या.

बघा! हातच्या काकणाला आरसा कशाला? ज्यांना लागायला हवं त्यांना काही नाही आणि तिऱ्हाइतांच्या अंगाचा तिळपापड. बाई तर त्या टाक्याला कधी नावाने हाकच मारत नाहीत, नुसतं ‘तो’ म्हणतात. ‘आज तो घेऊ का, मास्तर?’ त्यांच्या लेखी नावाला एवढीच किंमत.

दुपारी आरी त्यांच्या बोटात गेली. घडीवर रक्ताचा ठिपका पडला, ती घडी बदलावी लागली. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. त्यांनाही आता चष्मा बदलायला हवा.

९ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार नुसती चिडचिड. गटावरची दोन जुनी माणसं सोडून गेली. एकाने जाताना लिहिलं, “सर, तुमच्याकडून टाके शिकलो, पण तुम्ही ऐकत नाही.” लेकीचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. ती काय म्हणणार ते मला पाठ आहे.

आज सोक्षमोक्ष लावला. बाई शिवायला बसल्या होत्या, खिडकीचा उजेड चांगला होता. म्हटलं, “बाई, जरा इकडे बघा.”

“फोटो? पुस्तकासाठी का?”

“हो, तसंच.”

त्यांनी केस नीट केले, पुस्तक छातीशी धरलं. छान हसल्या. दात दिसू न देता हसतात तशा.

फोटोखाली लिहिलं: “या आमच्या बाई. त्याच समाजातल्या. एकतीस वर्षं हा टाका शिवताहेत, एकदाही तक्रार केली नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी यांच्या हाताकडे बघावं आणि मग मला शहाणपण शिकवावं.” खाली टाक्याचं नाव, ठळक अक्षरात.

घरी येताना जिना चढून धाप लागली नाही. लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

१० मार्च, मंगळवार

नऊशे अंगठे! गट स्थापन झाल्यापासून इतके कधी आले नाहीत. ‘कोरं पान’ची चोच बंद, एक अक्षर नाही. मग मी त्याची मूळ नोंदच गटावरून लपवून टाकली. चर्चा संपली, आता कामाला लागा.

एकच गोष्ट खटकली. कुणीतरी फोटोखाली ‘—— बाई झिंदाबाद’ लिहिलंय आणि पन्नासेक जणांनी तेच पुन्हा पुन्हा. कौतुकानेच लिहिलंय, पण जरा अति. उलट्या बाजूच्या एकीने बाईंना विकली गेलेली म्हटलं. ते मी काढून टाकलं. झिंदाबाद तसंच राहू दिलं.

जेवणाच्या सुट्टीत बाई नेहमीसारख्या बाहेर पायरीवर बसल्या, पाठ माझ्याकडे, हातात फोन. लेकीशी बोलतात वाटतं रोज. आज डबा उघडलाच नाही. चार वाजता म्हणाल्या, “डोकं दुखतंय, जाते.” अर्धवट शिवलेली प्रत घड्या घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात होती. ती सोडवली, दोऱ्याला तात्पुरती गाठ मारली, वर कापड घातलं. मेणाच्या डबीचं झाकण लावलं. मी म्हटलं, उद्या तेच उघडायचं आहे, कशाला आवरता?

एकसष्ट प्रती झाल्या. ही बासष्टावी.

१२ मार्च, गुरुवार

काल आल्या नाहीत. आजही नाहीत. फोन वाजतो आणि बंद होतो.

एकशे एकोणचाळीस राहिल्या. रोज सात धरल्या तरी वीस दिवस. हातात एकोणीस.

१३ मार्च, शुक्रवार

आज मी स्वतः बसलो. बासष्टावी घेतली, म्हटलं गाठ सोडण्याआधी उरलेल्या घड्यांना भोकं पाडू. आरी घडीच्या वळणावर ठेवली की हात असा थरथरतो की भोक रेघेबाहेर पडतं. तीन घड्या फाटल्या. चौथ्या वेळी डाव्या हाताने उजवा मनगटापाशी धरला, तशी आरी सरळ गेली आणि पुढे अंगठ्यात घुसली.

पूर्वी डोळे मिटून शिवायचो मी हे. फुशारकी नाही मारत. वस्ताद मुद्दाम डोळ्यांवर पंचा बांधायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे. आज दुकानाचं दार आतून लावलं आणि रडलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पुढ्यात कागदाची भिजलेली घडी. या वहीत नाही तर कुठे लिहायचं हे?

१४ मार्च, शनिवार

लेकीचा फोन उचलला.

“बाबा, तो फोटो टाकायच्या आधी मावशींना विचारलं होतंत?”

“त्या नाही म्हणाल्या नाहीत.”

“हो म्हणाल्या?”

“प्रत्येक गोष्टीला हो-नाही लागतं का? घरच्यासारख्या आहेत त्या.”

“घरच्यासारख्या आहेत ना? मग घर कुठंय त्यांचं?”

“पुलापलीकडे.”

“पुलापलीकडे अर्धं शहर राहतं, बाबा.”

मग तिने बाकीचं सांगितलं. तो फोटो आमच्या गटावरच राहिलेला नाही. हजारो लोकांनी तो पुढे पाठवलाय. कुणी त्यावर ‘बघा, यांना चालतं’ असं लिहून कुठल्या कुठल्या भांडणात वापरतंय. बाईंचा चेहरा, तो हसरा, आणि खाली तो शब्द. बाईंच्या नातीच्या शाळेतही पोचला म्हणे. लेकीला हे गटावरच्या एका मुलीने सांगितलं.

मी फोटो काढला. पण बैल गेला आणि झोपा केला! माझ्या पानावरून गेला एवढंच. मग माफी लिहिली: “माझ्या लेखनाने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.” लेकीला वाचून दाखवली.

“‘असतील तर’ काढा.”

“मग उरतं काय?”

“तेच उरलं पाहिजे,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी काढलं नाही. तसंच टाकलं.

१७ मार्च, मंगळवार

माफीवर चारशे शिव्या. अर्ध्या म्हणतात माफी खोटी, अर्ध्या म्हणतात माफी मागितलीच का. आजवर मला दोन्ही बाजूंनी अशी धोपटणी कधी पडली नव्हती.

प्राचार्यांचं पत्र आलं. मोजून तीन ओळी. वादग्रस्त नाव असलेलं पुस्तक सध्या वर्गात लावता येणार नाही, ‘वातावरण निवळल्यावर’ बघू. म्हणजे खोली गेली. दोन महिन्यांपूर्वी याच गृहस्थाने अकराव्या टाक्याची घडी हातात घेऊन मुलांना दाखवली होती आणि त्याच नावाने.

एक बरं आहे, तो कोरं पान नऊ तारखेपासून दिसलेला नाही. त्याला तरी उपरती झाली असेल.

बाई, या हो आता. पुस्तक गेलं खड्ड्यात, नुसत्या येऊन बसा. रेडिओ हवा तेवढा मोठा करा. दुकानात इतकी शांतता आहे की चिकटवायच्या खळीच्या पातेल्यावर आलेली साय फुटली तरी ऐकू येतं.

१९ मार्च, गुरुवार

पूल ओलांडून गेलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बाई ज्या थांब्यावर उतरतात तो ठाऊक होता, तिथून पुढे अंधार. गल्ल्या अरुंद, पण दारं रंगवलेली, प्रत्येक दाराला वेगळा रंग. कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. बाईंचं नाव सांगितलं.

“त्या नावाच्या तिघी आहेत इथे,” दुकानदार म्हणाला. “काय करतात?”

“पुस्तकं शिवतात.”

तो वजन करत होता, ते थांबवलं. “फोटोतल्या?”

“हो.”

“आणि तुम्ही कोण?”

मी म्हणालो, “ओळखीचा.”

“ओळखीचे असता तर घर ठाऊक असतं.” आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

परत आलो. मला खरं सांगायला तोंड झालं नाही. ज्याने चार हजार लोकांना ‘मला शहाणपण शिकवा’ म्हणून आव्हान दिलं, त्याला एका वाण्यासमोर स्वतःचं नाव सांगवेना.

२० मार्च, शुक्रवार

पुन्हा गेलो. घरी बसवत नव्हतं.

दुकानदाराला म्हटलं, “तो फोटो मी टाकला. मला त्यांची माफी मागायची आहे.”

त्याने मला वरून खाली बघितलं. वाटलं आता मारतो. मग म्हणाला, “थांबा. भेटायचंय का ते त्यांना आधी विचारून येतो.” आणि दुकान तसंच टाकून गेला. मला पाच मिनिटं उन्हात उभं केलं. मला त्याचा राग आला, हेही लिहून ठेवतो.

निळं दार. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, अंगावर घरातली साडी. कामावर येतात त्यापेक्षा उंच वाटल्या. आत बोलावलं, पाणी दिलं. पहिलाच प्रश्न,

“हात कसा आहे?”

“तसाच.” मग मला दम निघेना. “बाई, चूक झाली.”

“हं.”

“फोटो टाकायला नको होता. पण बाई, तुम्ही तरी एकदा बोलायचं होतं! एकतीस वर्षं समोरासमोर बसलो. मी काय वाघ आहे खाऊन टाकायला?”

“बोलले की.”

“कधी?”

“दोन तारखेला. डबा खाऊन झाला, एक वाजून दहा मिनिटं झाली असतील. पायरीवर बसून लिहिलं. तुम्ही आत चहा पीत होतात.” त्या अगदी हळू बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. “तोंडावर कधी धीर झाला नाही, मास्तर. म्हटलं, लिहिलेलं तरी वाचाल. पुस्तकांत जन्म गेलाय तुमचा.”

मला आधी काहीच कळेना. दोन तारीख. एक वाजून दहा. पायरी. फोन. मग कळलं आणि हातातलं पाणी सगळं विजारीवर सांडलं. त्यांना वाटलं असेल कंपामुळे. त्यांनी पुसायला फडकं आणून दिलं.

“तुम्ही? कोरं पान तुम्ही?”

“माझ्या लेकीने उघडून दिलं खातं. नाव मी ठेवलं.”

“मग ओळख द्यायची होती! मला कळलं असतं तर...”

“तर काय केलं असतंत?”

मी फडक्याने विजार पुसत राहिलो.

“मी विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत,” बाई म्हणाल्या. “माझ्याच प्रश्नाला माझाच फोटो लावलात. मी हसले होते हो त्या फोटोत. पुस्तकात येणार म्हणून.”

हे बोलताना पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला.

“परत या, बाई. पुस्तक नको. दुकान नको. नुसत्या या.”

“नाही, मास्तर.”

“रागावलात.”

“रागावलेय. पण राग काय, आजवर कितीदा आला आणि गेला. नातीने विचारलं, आजी, तू त्यांना चालेल म्हणालीस का? मी सांगितलं, नाही म्हणाले. उद्या तिथे येऊन बसले तर तिने कुठलं खरं धरायचं?”

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं. मग मला जे सुचलं ते विचारलं. खरंच मनापासून विचारलं. “तुमच्यात काय म्हणतात त्या टाक्याला? त्याचं खरं नाव काय?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन तास बसलेला पाहुणा निघताना दारात ‘घरी कोण कोण असतं?’ विचारतो, त्याच्याकडे बघावं तसं.

“आता विचारलंत,” म्हणाल्या. थोड्या वेळाने, “नाही सांगायची. तेवढं राहू दे आमच्याकडे.”

निघताना दारापर्यंत आल्या. “एक काम करा. खिडकीतली काळ्या मुठीची आरी आहे ना, तेवढी पाठवून द्या. आईची आहे.”

“ती वस्तादांची—” मी बोललो आणि थांबलो.

“आणि शिवलेल्या उसवू नका. कामात खोट नाही त्यांच्या.”

२३ मार्च, सोमवार

आरी मऊ कापडात गुंडाळून स्वतः नेऊन दिली. दुकानदाराकडेच दिली, घरापर्यंत गेलो नाही. मला ‘या’ म्हटलेलं नव्हतं.

मूठ नीट बघितली, पहिल्यांदाच. बोटं जिथे टेकतात तिथे लाकूड झिजून खळगे पडलेत. माझी बोटं ठेवून पाहिली. खळगे लहान आहेत. वस्तादांचा पंजा तर माझ्या दीडपट होता. माझ्या पुस्तकात एकविसाव्या पानावर त्या आरीची आकृती आहे आणि खाली छापलंय: ‘माझ्या वस्तादांची आरी’.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “जेवलात का?” मला तेही सहन झालं नाही.

३१ मार्च, मंगळवार

आज दोनशे प्रती द्यायच्या होत्या. मागायला कुणी आलं नाही.

आठवडाभर एकच काम केलं. एकसष्ट प्रती काढल्या आणि प्रत्येकीतून तो शब्द खोडला. एका प्रतीत त्रेचाळीस ठिकाणी येतो. अनुक्रमणिकेत, मथळ्यात, आकृत्यांखाली. एकदा तर ‘गमतीदार नाव’ म्हणून कंसात. गमतीदार! मी स्वतः लिहिलंय. आरीच्या आकृतीखालची ओळही खोडली. माझ्या हाताने आता शिवण होत नाही, पण काळी रेघ मारता येते. रेघा सरळ नाहीत, भूकंपमापकाने काढल्यासारख्या आहेत. सुंदर पुस्तक विद्रूप झालं. शिवण मात्र तशीच, एक टाका हलला नाही. नाव कुठेच नवीन घातलं नाही. मला माहीत नाही ते.

मग ही वही घेतली आणि हिच्यातही रेघा मारल्या. वर ‘झिंदाबाद’च्या आधी आहे ती मारताना निब कागदातून आरपार गेली.

बासष्टावी प्रत अर्धवटच आहे. तिची तात्पुरती गाठ मी सोडलेली नाही.

दुपारी एक वाजता गट उघडला. मी लपवलेली नोंद अजून तिथे होती, फक्त मला दिसेल अशी. ती पुन्हा सगळ्यांना दिसेल अशी केली. खाली लिहिलं, “मला हे कळलं नाही, कारण मी ते नीट वाचलंच नव्हतं.” ‘असतील तर’ कुठेच घातलं नाही. मग बाहेर पायरीवर जाऊन बसलो, जिथे बाई बसतात तिथे, आणि पहिल्या अक्षरापासून वाचलं. इथे उतरवून ठेवतो, जसंच्या तसं. अक्षर हललं तर हलू दे.

“मास्तर नमस्कार अकराव्या टाक्याबद्दल लिहिते आहे तो माझ्या आईचा टाका आहे तिने वस्तादांना शिकवला आणि मला पण तुमचं पुस्तक छान झालं आहे आकृती बघून आईचे हात आठवले फक्त त्याचं नाव तेवढं बदलता येईल का ते आम्हाला शिवी म्हणून देतात जमलं तर बघा घाई नाही सवडीने सांगा”